‘जॉनी बी. गुड’ : एका रॉक गाण्याची घडण आणि फैलाव

‘जॉनी बी. गुड’ हे चक बेरीचे गाणे ३१ मार्च १९५८ रोजी शिकागोच्या चेस कंपनीने बाजारात आणले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘अराउंड अँड अराउंड’ होते. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि सर्वसाधारण यादीत आठव्यापर्यंत. त्या वर्षीच्या मोठ्या गाण्यांत ते जमा झाले, पण सर्वांत वरचे मात्र ठरले नाही. पुढच्या काळात त्याहून जास्त खपलेली कित्येक गाणी विस्मरणात गेली आणि हे गाणे गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर उभे राहिले. असे का झाले, या प्रश्नाला गाण्याच्या स्वरांत पूर्ण उत्तर सापडत नाही. त्यातले बहुतेक स्वर जुनेच होते, काही तर दुसऱ्याच्या तबकडीवरून सरळ उचललेले. नवी होती ती या स्वरांना मिळालेली गोष्ट आणि त्या गोष्टीचा नायक.

चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरीचा जन्म १८ ऑक्टोबर १९२६ रोजी मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात, गुड अॅव्हेन्यूवरच्या घरात झाला. नायकाचे आडनाव आले ते या रस्त्याच्या पाटीवरून. ‘द व्हिल’ नावाची ही वस्ती कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची होती. वडील सुतारकाम आणि बांधकामाची कंत्राटे घेत व बॅप्टिस्ट चर्चच्या कामात पुढे असत. आई शाळेत शिकवत असे. गाण्यातला जॉनी लुइझियानाच्या जंगलात, लाकडी खोपटात राहणारा आणि लिहिण्यावाचण्याशी फारसा संबंध न आलेला मुलगा आहे. बेरी मात्र शहरी, शिकल्यासवरल्या घरातला होता. शालेय वयातच सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात सापडून तो सुधारगृहात गेला आणि १९४७ मध्ये, एकविसाव्या वाढदिवशी सुटला. नंतर त्याने मोटारींच्या कारखान्यात काम केले आणि अॅनी मेलोन यांनी स्थापन केलेल्या पोरो कॉलेजात केशरचनेचे शिक्षण घेतले. गंमत अशी की गुड अॅव्हेन्यूला पुढे याच अॅनी मेलोन यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे रस्त्याचे जुने नाव आज नकाशापेक्षा गाण्यातच अधिक ऐकू येते.

संगीतात त्याचा जम बसला तो पियानोवादक जॉनी जॉन्सनमुळे. १९५२ च्या अखेरच्या रात्री जॉन्सनच्या तीन जणांच्या वाद्यवृंदातला सॅक्सोफोनवाला आजारी पडला आणि बदली म्हणून बेरीला बोलावणे आले. ईस्ट सेंट लुइसच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात पुढची दोन-अडीच वर्षे ही जोडी वाजवत राहिली. श्रोते बव्हंशी कृष्णवर्णीय होते. बेरी त्यांच्यापुढे ब्लूजच्या जोडीला गोऱ्या ग्रामीण गायकांची कंट्री गाणीही म्हणे. आधी लोक हसले, मग त्याच गाण्यांवर नाचू लागले. १९५५ मध्ये ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या सांगण्यावरून तो शिकागोला लेनर्ड चेसकडे गेला. कंपनीला भावला तो त्याचा ब्लूज नव्हे. ‘आयडा रेड’ या जुन्या कंट्री गाण्यावर बेतलेली एक धून तिने उचलली आणि तीच ‘मेबेलिन’ या नावाने त्याचे पहिले मोठे यश ठरली. बेरीचे उच्चार नॅट किंग कोलच्या वळणाचे, शब्द न् शब्द सुटा ऐकू येणारे होते. रेडिओवर ऐकून अनेकांनी तो गोरा असल्याचा समज करून घेतला आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाला तो आल्यावर आयोजकांची तारांबळ उडाली. कृष्णवर्णीयांची लय आणि गोऱ्यांची कथनाची रीत एकाच गळ्यात आल्याने बेरीला दोन्हीकडचा श्रोता मिळाला. ‘जॉनी बी. गुड’ या मिश्रणाचेच फळ आहे.

गाण्याचे शब्द बेरीने १९५५ च्या सुमारास लिहायला घेतले. डोळ्यांपुढे सुरुवातीला जॉनी जॉन्सन होता, नाव त्याचेच. लिहिता लिहिता मजकूर स्वतःकडे वळला, असे बेरीने आत्मचरित्रात म्हटले आहे. कथानक तीन कडव्यांत उरकते. पहिल्यात मुलगा आणि त्याचे घर. दुसऱ्यात तो गिटार गोणपाटाच्या पिशवीत घालून रेल्वेच्या कडेला झाडाखाली बसतो, आगगाडीच्या ठेक्याशी सूर जुळवतो आणि येणारेजाणारे थांबून ऐकतात. तिसऱ्यात आई भविष्य सांगते: मोठा होशील, तुझा स्वतःचा वाद्यवृंद असेल, दिव्यांच्या पाटीवर तुझे नाव झळकेल. भविष्य खरे झाले की नाही, हे गाणे सांगत नाही, आणि त्याची ताकद बरीचशी या न सांगण्यातच आहे. कथा न्यू ऑर्लिन्सच्या आसपास घडवण्यामागेही विचार होता. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची विक्री जिथे होई ते हे शहर, ही जाणीव त्यामागे असल्याचे बेरीने लिहून ठेवले आहे. वरवर हलक्याफुलक्या वाटणाऱ्या गाण्याच्या तळाशी गुलामगिरीचा भूगोल आहे.

पहिल्या मसुद्यात जॉनीची ओळख ‘काळा मुलगा’ अशी होती. रेडिओवर अडचण येऊ नये म्हणून बेरीने तिथे ‘गावाकडचा मुलगा’ केले. हा बदल त्याने पुढे मुलाखतींत आणि आत्मचरित्रात उघडपणे सांगितला. ही तडजोड कोणत्या काळात झाली ते पाहायला हवे. अर्कान्सासमधल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले, ते १९५७ च्या सप्टेंबरमध्ये. त्यानंतर काही महिन्यांतच हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. एक शब्द बदलल्याने गाण्यातून एका समाजाची आकांक्षा पुसट झाली, हे नाकारता येत नाही. त्याच बदलामुळे लिव्हरपूलच्या, टेक्ससच्या किंवा किंग्स्टनच्या मुलाला जॉनीच्या जागी स्वतःला बसवणे सोपे गेले, हेही खरे. अभ्यासक या दोन बाजूंपैकी एकच धरतात तेव्हा त्यांची मांडणी अपुरी पडते. बेरी व्यवहारी माणूस होता. काय द्यावे लागेल आणि काय मिळेल याचा हिशेब करूनच त्याने तो शब्द काढला.

आता संगीत. गाणे सुरू होते ते गिटारच्या एकट्या तुकड्याने, आणि तो तुकडा बेरीचा नाही. लुई जॉर्डन या लोकप्रिय गायक-सॅक्सोफोनवादकाच्या ‘टिम्पनी फाइव्ह’ या वाद्यवृंदात कार्ल होगन नावाचा गिटारवादक होता. १९४६ मध्ये जॉर्डनच्या ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वूमन’ या गाण्याच्या आरंभी होगनने वाजवलेली सुरावट आणि ‘जॉनी बी. गुड’चा आरंभ शेजारी ठेवून ऐकले तर दोन्ही जवळजवळ स्वरास स्वर जुळतात. बेरीने हे कधी लपवले नाही. होगनचे ऋण त्याने मान्य केले. १९५६ च्या ‘रोल ओव्हर बीथोव्हन’च्या सुरुवातीलाही त्याने याच घाटाचा तुकडा वापरला होता. दुसरे ऋण ब्लूज-गिटारवादक टी-बोन वॉकरचे. दोन तारा एकदम छेडून, त्या किंचित ओढून सूर जाड करण्याची रीत वॉकरची होती. होगन एकेक स्वर सुटा वाजवत होता. बेरीने त्यात वॉकरच्या जोडतारा मिसळल्या, गती वाढवली आणि अँप्लिफायरचा आवाज धारदार ठेवला. जॉर्डनच्या तबकडीवर जी सुरावट गायकासाठी दार उघडून बाजूला होते, तीच बेरीकडे गाण्याचे मुख्य पात्र बनते.

चौकट नेहमीच्या ब्लूजची आहे: चार-चार ठोक्यांची बारा आवर्तने, तीन स्वरसंवाद, पुन्हा पहिल्यापासून. कडवे आणि ध्रुवपद दोन्ही याच चौकटीत बसवलेले आहेत. ध्रुवपदात गायक जॉनीला ‘चल, पुढे हो’ असे पुन्हा पुन्हा पुकारतो आणि दर वेळी गिटार उत्तर देते. ही हाक-प्रतिसादाची जुनी रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली आहे. इथे भक्तांच्या समूहाची जागा वाद्याने घेतली. ध्वनिमुद्रण १९५७ सरून १९५८ उजाडताना, त्या हिवाळ्यात शिकागोत झाले. बासवर विली डिक्सन, ड्रमवर फ्रेड बिलो आणि, बहुतेक नोंदींनुसार, पियानोवर लाफायेट लीक होता. म्हणजे ज्याच्यावरून नायकाचे नाव पडले तो जॉन्सन या तबकडीवर वाजवत नाही. बिलो जॅझमध्ये मुरलेला होता. त्याच्या ठेक्यात ठोक्याचा पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड पडतो, त्यामुळे चाल डुलत जाते. बेरीचा उजवा हात दोन्ही भाग सारखेच मारतो. डुलता ठेका आणि सरळ गिटार पावणेतीन मिनिटे एकमेकांशी झटत राहतात. या ताणामुळे तबकडीत जी चुरस भरली आहे, ती पुढच्या बहुतेक नकलांत हरवली. साठीच्या दशकातल्या तरुण वाद्यवृंदांनी ड्रमही सरळ केले आणि रॉकचा परिचित, सपाट, जोरकस ठेका तयार झाला. मूळ तबकडीत जुना आणि नवा असे दोन्ही ठेके एकाच वेळी ऐकू येतात.

गाण्याची पट्टी बी-फ्लॅट आहे. गिटारवाल्याला ई किंवा ए या पट्ट्या सोयीच्या, कारण उघड्या तारा कामी येतात. बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट या पट्ट्या पियानो व फुंकवाद्यांच्या सवयीच्या. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने यावर बोट ठेवले आणि त्यावरून एक मोठा वाद उभा राहिला: बेरीची गाणी खरे तर जॉन्सनच्या पियानोतून जन्मली का? २००० च्या नोव्हेंबरमध्ये जॉन्सनने बेरीवर दावा लावला. अनेक गाण्यांत आपण सहरचनाकार होतो आणि श्रेय व मानधन मिळाले नाही, असे त्याचे म्हणणे होते. फार वर्षे उलटून गेल्याच्या कारणावरून न्यायालयाने २००२ मध्ये दावा फेटाळला, त्यामुळे मूळ प्रश्नाचा निवाडा झालाच नाही. पुराव्यांवरून इतके म्हणता येते की बेरीच्या गिटारीतले कित्येक तुकडे पियानोच्या डाव्या-उजव्या हातांच्या कामाचे तारांवर केलेले रूपांतर आहेत, आणि ती भाषा त्याने जॉन्सनशेजारी बसून आत्मसात केली. शब्द मात्र निःसंशय बेरीचे. होगनची सुरावट, वॉकरच्या तारा, जॉन्सनची पट्टी, बिलोचा ठेका यांची बेरीज केली तरी एक चांगले नाचाचे गाणे हाती येते, त्यापलीकडे काही नाही. गिटार वाजवणारा गरीब मुलगाच गाण्याचा विषय झाला आणि तो कसा वाजवतो याचा पुरावा त्याच गाण्यात, त्याच क्षणी ऐकू आला. हे जोडकाम यापूर्वी कोणी इतक्या नेमकेपणाने केले नव्हते. तोवर रॉक अँड रोलचा नायक गायक असे, नाहीतर सॅक्सोफोन किंवा पियानोवाला. या तबकडीनंतर मान गिटारवाल्याकडे गेला.

गाण्याचा फैलाव झाला तेव्हा बेरी स्वतः अडचणीत होता. चौदा वर्षांच्या मुलीला अनैतिक हेतूने राज्याच्या सीमेपार नेल्याच्या आरोपाखाली १९५९ च्या डिसेंबरात त्याला अटक झाली. न्यायाधीशाच्या वंशद्वेषी शेऱ्यांमुळे पहिला खटला रद्द ठरला, पण दुसऱ्यांदाही शिक्षा झाली आणि १९६२-६३ मध्ये त्याने तुरुंगवास भोगला. याच काळात इंग्लंडमधली मुले त्याच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकत होती. रोलिंग स्टोन्सची १९६३ मधली पहिली तबकडी बेरीचेच ‘कम ऑन’ हे गाणे होती. बीटल्स ‘जॉनी बी. गुड’ बऱ्याच आधीपासून वाजवत होते; १९६४ मध्ये बीबीसीसाठी जॉन लेननने ते गायले आणि ते ध्वनिमुद्रण १९९४ च्या संग्रहात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बीच बॉइजच्या १९६४ च्या ‘फन, फन, फन’चा आरंभ ऐकला की तो कुठून आला हे सांगावे लागत नाही. मंचावर गुडघे वाकवून एका पायावर सरकत जाण्याची बेरीची बदकचाल पुढे एसी/डीसीच्या अँगस यंगने आपलीशी केली.

तुरुंगातून सुटल्यावर बेरीने आपल्या गाण्यांच्या प्रसाराचा व्यापारी फायदा सफाईने उठवला. गिटार घेऊन तो एकटाच गावी जाई. साथीचा वाद्यवृंद आयोजकाने स्थानिक मुलांचा द्यायचा आणि तालीम करायची नाही. मुलांना गाणी पाठ असणारच हे त्याला ठाऊक होते. १९७३ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या अशाच कार्यक्रमात साथीला ब्रूस स्प्रिंगस्टीन होता. या पद्धतीने कार्यक्रमांचा दर्जा अनेकदा ढासळला, बेरीबद्दल कडवट आठवणीही मागे राहिल्या. पण कोणत्याही शहरात उतरावे आणि तिथल्या अनोळखी पोरांनी आपले गाणे बिनचूक उचलावे, ही स्थिती फार थोड्या रचनाकारांच्या वाट्याला येते.

गाण्याच्या पुनर्रचनांची यादी लांब आहे. त्यातल्या मोजक्याच काही नवे सांगतात. कंट्री गायक बक ओवेन्सने लंडनमध्ये मंचावर गायलेले रूप १९६९ मध्ये अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिले आले. कंट्री धून उचलून पुढे आलेल्या कृष्णवर्णीय गायकाचे गाणे अशा रीतीने गोऱ्या कंट्रीच्या शिखरावर पोहोचले. त्याच वर्षी जॉनी विंटरने ब्लूजच्या अंगाने त्याला टोकाच्या वेगापर्यंत नेले. जिमी हेंड्रिक्सने मे १९७० मध्ये बर्कलीला केलेले वादन सर्वांत थोर मानावे लागते. बेरीची चौकट न मोडता त्याने प्रत्येक मोकळ्या जागेत विकृत, किंचाळणारे सूर भरले, आणि हेंड्रिक्स हा स्वतःच गरिबीतून गिटारच्या बळावर वर आलेला कृष्णवर्णीय मुलगा असल्याने काढून टाकलेला शब्द न उच्चारता परत आला. सेक्स पिस्टल्सच्या तालमीतल्या ध्वनिमुद्रणात गायकाला शब्दच आठवत नाहीत. पंकचा आवेश म्हणून ते ठीक, संगीत म्हणून त्यात फारसे काही नाही. पीटर टॉशने १९८३ च्या ‘मामा आफ्रिका’ या संग्रहात गाण्याची गती उतरवून त्याला रेगेच्या लयीत बसवले आणि जॉनीचे घर लुइझियानातून जमैकात हलवले. गुलामांच्या व्यापाराचीच दुसरी पेठ असलेल्या बेटावर ही कथा अगदी सहज रुजली. गिटारमुळे आयुष्य बदललेल्या मुलाची कथाही स्वतंत्रपणे पसरली: फॉरिनरचे ‘ज्यूक बॉक्स हीरो’ किंवा भारतातल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या वाजलेले ब्रायन अॅडम्सचे ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ ही त्याच घराण्यातली.

१९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या रॉबर्ट झेमेकिसच्या चित्रपटाने गाणे नव्या पिढीपर्यंत नेले. काळात मागे गेलेला मार्टी मॅक्फ्लाय हा गोरा मुलगा १९५५ च्या शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमात ते वाजवतो आणि वाद्यवृंदाचा कृष्णवर्णीय प्रमुख मार्विन बेरी फोन करून आपल्या चुलतभावाला, चकला, तो आवाज ऐकवतो. पडद्यावर मायकेल जे. फॉक्स दिसतो, आवाज मार्क कॅम्पबेलचा आणि गिटार टिम मेची. प्रसंग विनोदाचा आहे, कालचक्राची कोडी घालणारा. तरी कृष्णवर्णीय रचनाकाराची निर्मिती गोऱ्या मुलाकडून त्याला ‘मिळाली’ असे दाखवण्यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त आहे. ज्या गाण्यातून वर्णाचा उल्लेख आधीच काढावा लागला होता, त्यातून आता जनकही क्षणभर काढला गेला.

गाण्याला लाभलेले सर्वांत दूरचे स्थान मात्र पृथ्वीवर नाही. नासाने १९७७ मध्ये सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या गटाने तिच्यात पृथ्वीवरचे सुमारे दीड तासाचे संगीत निवडले आणि रॉकचा प्रतिनिधी म्हणून घेतले ते एकटे ‘जॉनी बी. गुड’. लोकसंगीताचे अभ्यासक अॅलन लोमॅक्स यांनी हे पोरवयाचे संगीत असल्याचा आक्षेप घेतला, तेव्हा या ग्रहावर पोरवयाची माणसे पुष्कळ आहेत, असे उत्तर सेगन यांनी दिले. याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे, आणि पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीतलीही एक. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला निघाले. केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या. बेरीला पुढे या मानाचा आनंद प्रत्यक्ष घेता आला: १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेले तेव्हा कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी केलेल्या सोहळ्यात तो वाजवायला हजर होता. त्याआधीच, १९७८ मध्ये, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने यावर एक प्रहसन केले होते. त्यात परग्रहवासीयांकडून पृथ्वीला पहिला निरोप येतो: आणखी चक बेरी पाठवा.

क्रमवारीच्या याद्यांना मर्यादित अर्थ असतो, पण त्यांतले चढउतार बोलके आहेत. रोलिंग स्टोन मासिकाने २००४ मध्ये सर्वश्रेष्ठ ५०० गाण्यांत याला सातवे स्थान दिले आणि २००८ मध्ये गिटारच्या गाण्यांत पहिले. २०२१ च्या नव्या यादीत ते तेहतिसावे झाले. हिपहॉप आणि पॉपवर वाढलेल्या परीक्षकांना गिटारवादक हा आपोआप नायक वाटत नाही, हे त्यामागचे सरळ कारण दिसते.

बेरीने स्वतः जॉनीला कधी सोडले नाही. १९६० च्या ‘बाय बाय जॉनी’मध्ये त्याने कथा आईच्या बाजूने सांगितली: साठवलेले पैसे काढून ती मुलाला हॉलिवूडकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवते. ध्रुवपदाची हाक त्याने ‘गो गो गो’मध्ये पुन्हा वापरली, आणि १९६९ मध्ये ‘कॉन्चेर्टो इन बी. गुड’ या नावाने एक लांबलचक वादन केले. ते लांबीनेच लक्षात राहते. मार्च २०१७ मध्ये, नव्वदाव्या वर्षी तो वारला. जूनमध्ये ‘चक’ हा त्याचा शेवटचा संग्रह निघाला. त्यातल्या ‘लेडी बी. गुड’मध्ये सूर त्याच वळणाचे आहेत, गिटारवर मुलगा चार्ल्स धाकटा साथीला आहे, आणि कथा आहे जॉनीवर प्रेम करणाऱ्या, तो नाव कमवायला गेल्यावर मागे राहिलेल्या स्त्रीची.